इथे कुणी कुणाला धरत नाही

लेम गेन्स का संपला, हे फिलाडेल्फियात कुणालाही विचारा, उत्तर तयार मिळेल. न्हावी सांगेल, पांढरी कॅडिलॅक गाडी घेतली तेव्हाच संपला. चर्चमधल्या बायका सांगतील, बायको धड मिळाली नाही. दारूच्या दुकानासमोर दिवसभर उभे असणारे, ज्यांनी जन्मात डास सोडून कशाला ठोसा मारलेला नाही, तेही मान हलवून सांगतील की पोरगा आळसावला. आणि सगळ्यांचं मिळून शेवटी एकच वाक्य असतं: त्याच्या डोक्यात हवा गेली. हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं ते आता कुणाला आठवत नाही. ऑर्विल टिलमनला आठवतं, कारण ते त्याचंच होतं.

ऑर्विल म्हणजे टायरच्या दुकानावरच्या जिमचा मास्तर. तीस वर्षं त्याने त्या जिन्यावरून पोरं चढताना पाहिली आणि बहुतेक उतरतानाही पाहिली. लेमला त्याच्याकडे आणलं त्याच्या थोरल्या बहिणीने, व्हॉनेटाने. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची. चौदा वर्षांच्या धिप्पाड भावाला पुढे ढकलून ती म्हणाली होती की हा रस्त्यावर मारामारी करणारच आहे, तर निदान घंटा वाजली की थांबायचं एवढं तरी ह्याला शिकवा.

ऑर्विलने शिकवलं, आणि खूप शिकवलं. विसाव्या वर्षी लेम एकशे चार किलोंचा होता आणि त्याचा डावा हात दिसायच्या आधी लागायचा. बावीस लढती, बावीस विजय, त्यातले एकोणीस तिसरी फेरी संपायच्या आत. बिअर आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत खेळ आटोपलेला असायचा. पेपरवाले त्याला पुढचा जगज्जेता म्हणू लागले होते, आणि खरं सांगायचं तर ते खोटं बोलत नव्हते.

आता त्या जिमची एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या गावचे बॉक्सर सरावात एकमेकांना जपतात, कारण खरी लढत पुढे असते. फिलाडेल्फियात तसलं काही नाही. इथे मंगळवारी दुपारी, फुकटात, चार टाळकी बघत असताना माणसं एकमेकांना अशी फोडायची की शनिवारी खऱ्या रिंगणात उतरायला अर्धाच माणूस शिल्लक राहायचा. ह्याचाच ह्या गावाला अभिमान. आणि ऑर्विलच्या जिममध्ये एक कायदा होता, कुठे लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ: इथे कुणी कुणाला धरत नाही.

धरणं म्हणजे काय, तर जोराचा ठोसा बसून डोळ्यांपुढे अंधारी आली की शहाणा बॉक्सर समोरच्याला मिठी मारतो, त्याचे हात आपल्या काखेत अडकवतो आणि अंगाचा भार त्याच्यावर टाकतो. रेफरी येऊन सोडवेपर्यंत आठ-दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात डोकं जाग्यावर येतं. सगळ्या जगात ह्याला अक्कल म्हणतात. ऑर्विलच्या जिममध्ये ह्याला भित्रेपणा म्हणायचे. कुणी चुकून धरलंच, की भिंतीला टेकलेले सगळे ओरडायचे, ‘पाद्री बोलवा रे, लग्न लावून टाका!’

लेम सतरा वर्षांचा असताना एकदा एका जुन्या, मुरलेल्या बॉक्सरचा हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, त्याच्या कानामागे बसला. पाय गेले, आणि लेमने त्याला मिठी मारली. कुणी शिकवलं नव्हतं. पडणारं लेकरू हाताला येईल ते धरतं, तसंच. ऑर्विलने घंटा वाजवली, लेमला रिंगणाबाहेर आणलं आणि टांगलेल्या वाळूच्या पोत्यापुढे उभं केलं. धर म्हणाला, आवडतं ना तुला. संध्याकाळचे सहा वाजेपर्यंत तो पोरगा त्या पोत्याला मिठी मारून उभा होता. येणारे-जाणारे ओठांनी मुक्यांचे आवाज काढत होते. लेमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने कोण हसलं, तर ऑर्विल. पुढे कितीतरी वर्षं न्हाव्याच्या खुर्चीत बसून तो ही गोष्ट मिटक्या मारत सांगायचा, आणि शेवटी म्हणायचा, ‘त्यानंतर त्याने कुणाला धरलेलं नाही.’

ते खरंच होतं. त्यानंतरच्या बावीस लढतींत धरायची वेळच आली नाही. वेळ आली ती तेविसाव्या लढतीत.

ॲटलांटिक सिटी, एक्क्याऐंशी साल. समोर मार्सेल ड्युफो नावाचा चौतीस वर्षांचा कॅनडाचा गडी, टक्कल पडलेला, निवृत्तीला टेकलेला. लेमने चार फेऱ्या त्याला बदडला. पण तो बाबा पडेना. पाचव्या फेरीत लेम थोडा दमला, हात थोडा खाली आला, आणि ड्युफोचा उजवा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. फेरी संपायला चाळीस सेकंद होते. लेमचे गुडघे पाण्यासारखे झाले.

कोपऱ्यातून ऑर्विल ओरडला, ‘धर! लेम, धर त्याला!’

लेमने वळून त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या गोंगाटात, एवढ्या दिव्यांत ऑर्विलला तो चेहरा स्पष्ट दिसला. मास्तर आपली परीक्षा घेतायत असं वाटणाऱ्या पोराचा चेहरा होता तो. लेमचे हात एकदा उघडले. मग त्याची नजर पहिल्या रांगेत गेली. तिथे टायरच्या दुकानावरची सगळी मंडळी बसली होती. त्याने मुठी आवळल्या आणि तो जागच्या जागी उभा राहिला. पुढचे तीन ठोसे त्याने उभ्याने खाल्ले, आणि चौथा त्याला बहुधा कळलाच नाही.

कपडे बदलायच्या खोलीत ऑर्विल त्याच्या मानेवर बर्फ धरून बसला होता. लेम त्याला पहिल्यापासून पॉप म्हणायचा. तो म्हणाला, ‘पॉप, तुम्ही मला धर म्हणालात?’

‘नाही,’ ऑर्विल म्हणाला.

‘मला ऐकू आलं.’

‘मार बसला की माणसाला काहीही ऐकू येतं.’

एवढं खोटं पुरेसं होतं, पण चोराच्या मनात चांदणं. बाहेर पेपरवाले उभे होते. काय झालं मास्तर, असं त्यांनी विचारलं तेव्हा ऑर्विलने सगळं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं, तेही पोटच्या पोरासारख्या पोराच्या. डोक्यात हवा गेली, म्हणाला. सरावाला उशिरा यायला लागला होता. लेम दोनदा उशिरा आला होता, हे खरं. व्हॉनेटाचं ऑपरेशन झालं होतं आणि तो तिला सूप भरवून यायचा. ऑर्विलला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी लेमने पेपर वाचला. तो भांडायला आला नाही. नुसता यायचा बंद झाला.

पुढची आठ वर्षं सांगण्यासारखी नाहीत, आणि तरी सगळं गाव ती चवीने सांगतं. लेमने तीन मास्तर केले. एकाने त्याचा डावा हात सुधारला, एकाने खाणं बदललं, एकाने पाय. धरायला कुणी शिकवलं नाही. बावीस लढती जिंकलेल्या माणसाला धरता येत नसेल असं कुणाच्या मनातही येईना. समोरच्यांच्या मनात मात्र आलं. एकदा ह्याला हलवा, मग हा दगडासारखा उभा राहतो, हे धंद्यातल्या सगळ्यांना कळलं. ज्यांना आधी त्याने न्याहरीला खाल्लं असतं, असे लोक त्याला पाडू लागले. आणि लेमने तर मास्तरचं वाक्य मनावर घेतलं होतं. हवा गेली ना डोक्यात, मग ती काढायची. गाडी विकली. पहाटे चारला उठून धावायला लागला. बायकोशी बोलणं तोडलं, कारण ती म्हणे सुखाची सवय लावते. ती बिचारी कंटाळून बाल्टिमोरला आईकडे गेली. जेवढी त्याने स्वतःला शिक्षा केली तेवढा जास्त मार खाल्ला, आणि जेवढा मार खाल्ला तेवढी जास्त शिक्षा केली. सात वेळा तो खाली पडला आणि सातही वेळा उभ्यानेच पडला.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये व्हॉनेटा जिना चढून ऑर्विलकडे आली. आता तिला धाप लागत होती. ती बसली नाही. तिने सांगितलं की लेमने एका लढतीवर सही केली आहे, इथेच, गावातल्या हॉलमध्ये, दहा फेऱ्यांची. समोरचा ट्रेंट बॅस्कम, एकवीस वर्षांचा, चौदापैकी चौदा जिंकलेला.

‘तुम्ही त्याला जसे खायला घालायचात, म्हातारे, दमलेले, तसा आता ह्यालाच त्या पोराला खायला घालतायत,’ ती म्हणाली. ‘सकाळी अंड्यावर दोनदा मीठ टाकतो, मिस्टर टिलमन. एकच गोष्ट मला तीनदा सांगतो. बत्तीस वय आहे त्याचं.’

ऑर्विल म्हणाला, माझं कशाला ऐकेल तो.

‘तुमचंच ऐकेल. तुम्ही पेपरात एक वाक्य बोललात आणि आठ वर्षं तो त्याच्यावर जगला. आता दुसरं बोला. सांगा की तू संपलास. तुझ्यात काही उरलं नाही, असं तोंडावर सांगा. मी सांगितलं तर ते बहिणीचं बोलणं होतं.’

ऑर्विलने शब्द दिला. आणि देताना तो मनापासून दिला होता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

रविवारी चर्च सुटल्यावर लेम आला. जिम रिकामी होती. चर्चचा सूट, पॉलिश केलेले बूट, भुवईवर शिवणांच्या रेघा. त्याने ऑर्विलला वाकून मिठीत घेतलं, जणू काही घडलंच नव्हतं. मग बाकावर बसला आणि रिंगणाकडे बघत राहिला. ऑर्विलने मनात वाक्य जुळवलं होतं. ते तो बोलणार, एवढ्यात लेमनेच तोंड उघडलं.

‘पॉप, एक विचारू? रागावू नका. ड्युफोच्या वेळी मी खरंच आळसावलो होतो का? मी किती वेळा मनात मोजलं. मी तेव्हा रोज सहा मैल धावत होतो. मला कळत नाही, हवा कधी गेली. तेवढं कळलं तर मी लढायचं सोडेन असं नाही, पण झोप लागेल.’

इथे ऑर्विलने काय करायचं हे अगदी साधं होतं. तू संपलास, बाळा, एवढंच म्हणायचं होतं. पण आठ वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरणाऱ्या माणसाला कुणी विचारलं की हा धोंडा काढू का, तर तो दुसऱ्याच्या पायाकडे बघत नाही. ऑर्विल बोलायला लागला आणि सगळं बोलला. मी धर म्हणालो होतो. तू बरोबर ऐकलंस. तुला धरता येत नव्हतं, कारण मी तुला ते करू दिलं नाही. पोत्यापुढे उभं केलं, हसलो. हवाबिवा काही गेली नव्हती. मी घाबरलो, म्हणून तुझ्यावर ढकललं. बोलता बोलता म्हातारा रडला. रडून त्याला हलकं वाटलं.

ऑर्विलला वाटलं, आता हा मारेल. मारावं, असंही वाटलं. पण लेमच्या चेहऱ्यावर राग येईना. तिथे हळूहळू भलतंच काही आलं. लेम हसत होता.

‘म्हणजे माझ्यात खोट नव्हती,’ तो म्हणाला. ‘पॉप, माझ्यात खोट नव्हती. आठ वर्षं मी आरशात बघून स्वतःला शिव्या घातल्या.’

‘नव्हती. पण लेम, आता...’

‘शिकवा मला.’

‘आता नको रे. आता उशीर झाला.’

‘पाच आठवडे आहेत,’ लेम म्हणाला. त्याने कोट काढून बाकावर ठेवलासुद्धा.

बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात. हा झोपा बांधायला किती वेळ लागला ते ऐका. सहासष्ट वर्षांचा ऑर्विल रिंगणात उतरला आणि त्याने लेमला दाखवलं. डोकं समोरच्याच्या खांद्यावर, हनुवटी आत. त्याचे दोन्ही हात कोपराच्या वर पकडायचे आणि काखेत दाबायचे. पाय जवळ घ्यायचे, भार टाकायचा, रेफरी बोलेपर्यंत सोडायचं नाही, सोडताना एक पाऊल बाजूला. लेमने केलं. परत केलं. अंड्यावर दोनदा मीठ टाकणारा माणूस, पण अंगाला सांगितलेलं त्याचं अंग विसरत नव्हतं. चौथ्या खेपेला ऑर्विलला हातही हलवता येईना. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं झाली होती.

लेमने त्याला सोडलं. ‘एवढंच?’ त्याने विचारलं.

ऑर्विल दोर धरून रिंगणाबाहेर उतरला.

‘पॉप, एवढंच होतं?’

संध्याकाळी व्हॉनेटाचा फोन आला. सांगितलंत का, तिने विचारलं. ऑर्विल म्हणाला, सांगून पाहिलं, ऐकत नाही. आठ वर्षांचं खोटं त्याने दुपारी फेडलं होतं आणि दिवस मावळायच्या आत नवीन काढलं होतं. मग ती म्हणाली, प्रयत्न केलात त्याबद्दल आभारी आहे.

लढतीच्या दिवशी हॉल भरला होता. ऑर्विल लेमच्या कोपऱ्यात होता, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून. कोपऱ्यातल्या माणसाला वाटलं की आता बास, तर त्याने तो टॉवेल आत फेकायचा असतो. लढत तिथेच थांबते. दुसऱ्या फेरीत बॅस्कमचा ठोसा लेमच्या कानशिलावर बसला. गुडघे हलले. हॉल उभा राहिला, कारण पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आणि लेमने दोन्ही हात उघडले आणि त्या पोराला मिठीत घेतलं.

लोक ओरडले, शिट्ट्या वाजल्या, लग्नाच्या आरोळ्या उठल्या. लेमने लक्ष दिलं नाही. रेफरीने सोडवलं, तो एक पाऊल बाजूला झाला आणि त्याचा चेहरा शांत होता. तिसऱ्या फेरीतही तसंच. पाचव्या फेरीत दोनदा.

आता ह्यातली गंमत बघा. लेमला धरता येत नव्हतं, तेव्हा तो तिसऱ्या-चौथ्या ठोशाला पडायचा आणि त्याचा मार तिथे संपायचा. पडणं हीच त्याची सुट्टी होती. आता तो पडत नव्हता. एक ठोसा खायचा, धरायचा, डोकं जाग्यावर यायचं, सुटायचा आणि पुढचा ठोसा खायला ताजा व्हायचा. एकवीस वर्षांचं पोर दमत नव्हतं. आठव्या फेरीच्या शेवटी लेम चुकीच्या कोपऱ्याकडे निघाला आणि रेफरीने त्याला हाताला धरून आणून बसवलं. ऑर्विलचा हात टॉवेलवर गेला. एका झटक्याचं काम होतं. पण खरं सांगायचं तर त्याने टॉवेल फेकला नाही त्याचं कारण दया किंवा आशा असलं काही नव्हतं. लेम फार सुंदर धरत होता. सबंध शहरात असं धरणारा हेवीवेट नव्हता, आणि ते ऑर्विलने शिकवलं होतं.

दहा फेऱ्या झाल्या. लेम गुणांवर हरला आणि उभा होता. लोकांनी, त्याच शिट्ट्या मारणाऱ्या लोकांनी, टाळ्या वाजवल्या. लढती ठरवणारा हॅलोरन खोलीत आला तो हसतच आला. लेमला अजून धार आहे, म्हणाला. दहा फेऱ्या टिकणारा माणूस आजकाल मिळतो कुठे. वाढत्या पोरांना असाच हवा असतो. बाल्टिमोर, टोलेडो, मग आणखी दोन. वर्षाच्या आत चार. लेमने बंद डोळ्यांनीच मान डोलावली.

हॅलोरन गेल्यावर व्हॉनेटा आत आली. तिने ओल्या फडक्याने भावाचं तोंड पुसलं आणि त्याला कोट चढवला. बटणं तिलाच लावावी लागली, कारण त्याची बोटं कोटावरून नुसतीच फिरत होती. ऑर्विल मदतीला पुढे झाला तर तिने त्याला कोपराने बाजूला केलं. मग भावाकडेच बघत विचारलं, हे धरणं तुला कुणी शिकवलं.

‘पॉपने,’ लेम म्हणाला. सुजलेल्या ओठांतून शब्द जड येत होते, पण आवाजात नुसता आनंद होता. ‘त्या रविवारी, चर्चनंतर. वीस मिनिटांत, व्हॉनेटा.’

व्हॉनेटाचा हात बटणावर थांबला. तिने मान वर करून ऑर्विलकडे पाहिलं. ऑर्विलने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ती म्हणाली, ‘नको. आणखी नको.’

लेमला तिचा सूर तेवढा कळला. त्याने चाचपडत तिचा दंड धरला.

‘त्यांच्यावर रागावू नकोस,’ तो म्हणाला. ‘त्यांच्यामुळेच तर मी शेवटपर्यंत उभा राहिलो.’

ते खरं होतं. व्हॉनेटालाही ते खरं आहे हे कळत होतं. उरलेली दोन बटणं तिने लावली आणि भावाला हाताला धरून बाहेर नेलं.